चिंताविकार : कारणे समजून घेताना

काही वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू होतो. रविवारच्या मिस्साबलीला चर्चच्या मुख्य दाराबाहेर घोळक्याने उभ्या राहणाऱ्या पुरुषांविषयी एकदा मी वेदीवरून कडक शब्दांत बोललो. आत बाके रिकामी असताना बाहेर थांबणे म्हणजे मेजवानीला येऊन अंगणातूनच परत जाणे होय, असे काहीसे मी म्हणालो. ते वाक्य माझे मलाच आवडले होते. पुढच्या रविवारी बाहेरची गर्दी ओसरली आणि मला समाधान वाटले.

त्या घोळक्यातले एक गृहस्थ मात्र आत आले नव्हते. त्यांनी चर्चला येणेच सोडले होते. सहा-सात महिन्यांनी त्यांच्या पत्नी मला भेटावयास आल्या. दारे लोटली गेली आणि बाके माणसांनी भरली की त्यांच्या यजमानांच्या छातीत धडधड सुरू होई, हातापायांना मुंग्या येत, श्वास कोंडे आणि आता आपण मरणार अशी त्यांची खात्री होई. दोनदा रात्री इस्पितळात नेऊन हृदयाचा आलेख काढला होता. दोन्ही वेळा त्यात काही दोष आढळला नव्हता. दाराबाहेर, मोकळ्या हवेत उभे राहून मिस्सा ऐकणे हा त्यांनी स्वतःपुरता शोधून काढलेला मार्ग होता. तो माझ्या प्रवचनाने बंद केला. “फादर, ह्यांचा विश्वास कमी नाही हो. ह्यांना भीती वाटते, एवढंच,” असे त्या बाई म्हणाल्या.

त्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने हे येथे लिहीत आहे. मी वैद्य नाही. सेमिनरीत मानसशास्त्राची जी थोडी तोंडओळख झाली, तिच्या आधारावर मी कित्येक वर्षे लोकांना सल्ले देत आलो. त्या बाईंच्या भेटीनंतर मात्र मी या विषयाचे नीट वाचन सुरू केले आणि मनोविकारतज्ज्ञांना प्रश्न विचारू लागलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

चिंता आणि चिंताविकार

चिंता ही मुळात व्याधी नव्हे. मुलगा समुद्रावर गेला आहे आणि वादळाची सूचना आली आहे, अशा वेळी आईला चिंता वाटली नाही तरच नवल. चिंता आपल्याला सावध करते, तयारीला लावते. मात्र ती प्रसंगाच्या मानाने फार मोठी होते, प्रसंग सरला तरी ओसरत नाही आणि माणसाची कामे, नाती, झोप यांत आडवी येऊ लागते, तेव्हा वैद्यक तिला विकार म्हणते. त्याचे प्रकार अनेक आहेत. कोणाला सदासर्वदा सगळ्याच गोष्टींची काळजी लागून राहते. कोणाला एकाएकी घबराटीचा झटका येतो. इंग्रजीतील ‘पॅनिक ॲटॅक’ हा शब्द आता आपल्याही घरांत रुळला आहे. कोणी चारचौघांत बोलण्यास धजत नाही, तर कोणाला उंची, रक्त, कुत्रा किंवा बंद जागा यांचा भयगंड असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ३० कोटींहून अधिक लोक चिंताविकाराने ग्रस्त होते. मनोविकारांत याहून सर्रास आढळणारा दुसरा विकार नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे.

एवढा सर्रास असूनही तो ओळखू का येत नाही? कारण तो शरीराच्या वेषात येतो. या विकाराचा इतिहास वाचताना एक आडनाव आपल्याला चमकवून जाते. ते आहे डाकोस्टा. वसई-गोव्यात हे आडनाव परिचयाचे असले तरी हे डाकोस्टा आपले नव्हेत. जेकब मेंडिस डाकोस्टा यांचा जन्म १८३३ साली कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर झाला. त्यांचे पूर्वज पोर्तुगाल-स्पेनकडील यहुदी होते. फिलाडेल्फिया येथे वैद्यकी करीत असताना त्यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धातील सुमारे ३०० सैनिक तपासले. धडधड, छातीत दुखणे, धाप आणि थकवा या त्यांच्या तक्रारी होत्या. पण हृदयात बिघाड सापडेना. १८७१ साली त्यांनी त्या अवस्थेला ‘चिडखोर हृदय’ असे नाव दिले. १८९५ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी चिंतेच्या विकाराला इतर मज्जाविकारांपासून वेगळे केले. घबराटीच्या झटक्यांना अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्वतंत्र स्थान मिळाले ते थेट १९८० साली. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ जाणत्या डॉक्टरांनाही जे सहज उलगडले नाही, ते एका शेतकऱ्याला किंवा त्याच्या धर्मगुरूला पहिल्याच दिवशी उमगावे, ही अपेक्षा जरा मोठीच म्हणावी लागेल.

मेंदूतील धोक्याची घंटा

वाडीतून संध्याकाळी येताना पायवाटेवर दोरी पडलेली असते आणि आपण साप समजून मागे उडी मारतो. उडी आधी घडते, दोरी आहे हे मागाहून कळते. यामागची यंत्रणा जोसेफ लदू या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या संशोधनाने स्पष्ट झाली. डोळ्यांनी टिपलेली खबर मेंदूत दोन वाटांनी जाते. एक वाट आखूड असून ती बदामाच्या आकाराच्या ‘ॲमिग्डाला’ नामक भागाकडे तातडीने पोहोचते आणि घंटा वाजते. दुसरी वाट लांबची. ती मेंदूच्या विचार करणाऱ्या भागातून जाते आणि ‘अरे, ही दोरी आहे’ असा निरोप मागाहून आणते. निरोप पोहोचला की घंटा थांबावी, अशी ही रचना आहे. चिंताविकारात घंटा फार सहज वाजते, किंवा थांबवणारा निरोप क्षीण पडतो.

घंटा वाजली की शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागते. ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते, स्नायूंना रक्त पुरवण्यासाठी हृदय वेगाने चालते, श्वास जलद होतो. पळायचे कुठेच नसल्यामुळे हा जलद श्वास रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी करतो आणि त्यामुळे चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. रुग्ण जे सांगतो ते खोटे नसते, नाटकही नसते. प्रत्येक लक्षणामागे शरीराची खरीखुरी हालचाल असते. घरच्यांनी निदान एवढे जरी लक्षात घेतले तरी रोग्याचा अर्धा अपमान टळेल.

या संदर्भात एक प्रयोग मला विशेष उद्बोधक वाटला. वैद्यकीय ग्रंथांत ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन स्त्रीचा ॲमिग्डाला दुर्मीळ आजारामुळे दोन्ही बाजूंनी नष्ट झाला होता. तिला साप, कोळी, भयपट अशा कशाचीच भीती वाटत नसे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला आणि तशाच इजेच्या आणखी दोघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगावयास दिली. तिघीही भयंकर घाबरल्या. बाहेरच्या संकटाची घंटा गेलेली असली तरी गुदमरण्याची घंटा शाबूत होती. म्हणजे ती मेंदूत अन्यत्र असली पाहिजे. काहींची ही दुसरी घंटा वाजवीपेक्षा संवेदनशील असल्यामुळे बंद, कोंदट जागेत ती उगाचच वाजते, असा विचार डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ सालीच मांडला होता. तो सर्वांना मान्य आहे असे नाही. तरी भरलेल्या चर्चमध्ये ज्यांचा श्वास कोंडतो, त्यांच्याविषयी बोलण्यापूर्वी तो मी वाचलेला असता तर बरे झाले असते.

रक्तातून येते काय?

हा प्रश्न घरोघरी दबक्या आवाजात विचारला जातो, विशेषतः मुलामुलींचे विवाह ठरविण्याच्या वेळी. उत्तर असे की काही अंशी येते. जुळ्या भावंडांच्या व कुटुंबांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २००१ साली प्रसिद्ध झाला. सतत काळजी करण्याच्या विकारात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ३२ टक्के आणि घबराटीच्या विकारातला सुमारे ४३ टक्के आनुवंशिकतेमुळे असतो, असे त्यात आढळले. याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. वडिलांना हा विकार आहे म्हणून मुलाला तो होण्याची शक्यता ४३ टक्के, असे हे विधान सांगत नाही. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात धोका इतरांच्या मानाने चार ते सहा पट वाढतो हे खरे. पण अशी मुले बहुसंख्येने निरोगीच राहतात. शिवाय चिंतेचे असे एकच जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा भार मिळून तो कल बनतो, आणि हाच कल खिन्नतेच्या म्हणजे डिप्रेशनच्या विकारालाही बऱ्याच अंशी कारण होतो. म्हणूनच एकाच घरात आई काळजीने पोखरलेली आणि मामा उदास, असे चित्र दिसते.

वारशाने मिळतो तो बहुधा स्वभावाचा पिंड. हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या तान्ह्या बाळांना नवनवीन चित्रे, आवाज व वास देऊन पाहिले. साधारण पाचांतले एक बाळ हातपाय झाडून रडू लागे. अशी मुले पुढे बुजरी, जपून पावले टाकणारी होण्याचा संभव अधिक होता व त्यांतल्या काहींना किशोरवयात चिंतेचा त्रास झाला. बहुतेकांना झाला नाही. बुजऱ्या मुलाला प्रत्येक नव्या गोष्टीपासून दूर ठेवणारे आईवडील आणि त्याला हात धरून हळूहळू पुढे नेणारे आईवडील यांच्यात पडणारा फरक येथे महत्त्वाचा ठरतो.

सोयरिकीच्या भीतीने आपण हे आजार लपवितो, त्याविषयी एक शब्द बोलावासा वाटतो. मुलीला झटके येऊ लागतात तेव्हा तिच्या आजीलाही तसेच होत असे, हे तिला कोणीच सांगत नाही. ‘आजीला वारा लागला होता’ एवढेच तिने ऐकलेले असते. परिणामी आपण वेड्या होत आहोत, असे समजून ती मुलगी एकटीच सोसत राहते.

सुरुवात एकाने, पोषण दुसऱ्याने

कारणांचा विचार करताना विकार कशाने सुरू झाला आणि तो कशाने टिकून राहिला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. माझ्या मते सामान्य वाचकाला यातला दुसरा प्रश्न अधिक उपयोगी आहे.

भीती शिकता येते, हे १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी दाखवून दिले. सुमारे अकरा महिन्यांच्या एका बालकाला पांढरा उंदीर दाखवताना प्रत्येक वेळी त्यांनी मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारला. थोड्याच दिवसांत ते मूल नुसता उंदीर पाहून रडू लागले. आजच्या दृष्टीने हा प्रयोग निर्दय होता आणि त्या मुलाची भीती घालविण्याची तसदीही कोणी घेतली नाही. पण मग एकदा बसलेली भीती आपोआप का विरत नाही? १९४७ साली होबार्ट मॉरर यांनी त्याचे जे उत्तर दिले ते आजही उपचाराचा पाया आहे. भीतीची जागा टाळली की तात्काळ हायसे वाटते. ते हायसे वाटणे हेच बक्षीस ठरते आणि माणूस पुन्हा पुन्हा टाळू लागतो. टाळल्यामुळे ती जागा निर्धोक होती हे त्याला कधीच अनुभवता येत नाही.

विरार लोकलचे उदाहरण घेऊ. एखादी तरुणी उपाशीपोटी गर्दीत चढते, नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये खाडीपुलावर तिला घेरी येते, छाती धडधडते. दुसऱ्या दिवशी ती गर्दीची गाडी सोडते. मग फक्त कडेच्या डब्यात, मग मैत्रीण सोबत असेल तरच, मग बसने आणि अखेरीस नोकरीचा राजीनामा. घेरी उपासाने आली होती, आजार टाळण्याने वाढला. त्यात आणखी एक चक्र मिसळते. इंग्लंडमधील डेव्हिड क्लार्क यांनी ते १९८६ साली मांडले. छातीत जराशी धडधड झाली की रुग्ण तिचा अर्थ ‘हृदयविकाराचा झटका’ असा लावतो; त्या अर्थाने भीती वाढते; भीतीने धडधड वाढते; वाढलेली धडधड त्या अर्थाला पुरावा ठरते. काही मिनिटांत माणूस मृत्यूच्या उंबरठ्यावर असल्यासारखा होतो.

मग पहिली ठिणगी कशाने पडते? लंडनमधील स्त्रियांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फिनले-जोन्स व ब्राऊन यांना असे दिसले की खिन्नतेपूर्वी आयुष्यात बहुधा काहीतरी गमावलेले असते, तर चिंताविकारापूर्वी काहीतरी संकट डोक्यावर टांगलेले असते. मला हा भेद आपल्या लोकांकडे पाहताना पटतो. आखातात नोकरी असलेल्या मुलाचा करार संपत आलेला, घरावरचे कर्ज फेडायचे राहिलेले, जमिनीचा दावा वर्षानुवर्षे न्यायालयात पडलेला. निकाल लागत नाही तोवर मनाला विसावा नाही. बालपणी सोसलेली मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा आईवडिलांचे अकाली जाणे यांनीही ही घंटा जन्मभरासाठी हळवी होऊ शकते. असे अत्याचार घरात, शाळेत आणि धर्मसंस्थांतही घडले आहेत, हे धर्मगुरू म्हणून मला येथे लिहिलेच पाहिजे.

शरीराच्या काही आजारांकडे मात्र आधी पाहावे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील झाली तर हुबेहूब असाच त्रास होतो आणि साध्या रक्ततपासणीने तो कळतो. दम्याच्या काही औषधांनी धडधड होते. दिवसभरात आठ-दहा कप चहा-कॉफी घेणाऱ्याने आपला हिशेब आपणच तपासावा. दारूविषयी तर स्पष्टच सांगावे लागेल. बेचैनी विसरण्यासाठी रात्री घेतलेली दारू सकाळी उतरताना तीच बेचैनी दुप्पट करून ठेवते आणि ती शमवायला पुन्हा दारू लागते. आपल्या समाजात ज्यांना आपण निव्वळ दारुडे म्हणतो, त्यांच्यात मूळचे चिंतारोगी किती असतील, हा प्रश्न मला अलीकडे छळतो.

श्रद्धेची उणीव?

‘प्रभूवर भरवसा ठेव, सर्व काही ठीक होईल’ हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारले आहे. त्यात असत्य काही नाही; पण रुग्णाच्या कानी ते ‘तुझा भरवसा कमी पडतो’ असे पोहोचते आणि आजाराच्या जोडीला अपराधीपणा येतो. गेथशेमनी बागेत स्वतः प्रभू येशू व्याकुळ झाला, याचा अशा वेळी आम्हांला विसर पडतो.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली मानरेसा येथे राहत होते. पूर्ण पापनिवेदन करूनही काही सांगावयाचे राहून गेले, या शंकेने त्यांना ग्रासले. पुन्हा पुन्हा निवेदन करूनही शांती मिळेना. राहत्या खोलीतल्या एका विवरात उडी घ्यावी असे विचार त्यांच्या मनात येऊ लागले. पुढे आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात त्यांनी अशा शंकांविषयी स्वतंत्र टिपणे लिहिली. गवताच्या काड्यांचा योगायोगाने झालेला क्रूस तुडवला गेला आणि ते पाप वाटले, असे साधे उदाहरण त्यांत आहे. आजचे वैद्यक याला मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा प्रकार म्हणेल. २०१३ सालापासून अमेरिकन सूचीत हा विकार चिंताविकारांच्या शेजारी परंतु वेगळ्या प्रकरणात ठेवला आहे. मानरेसाचे ते महिने एका महान संताचे होते. श्रद्धा कमी असल्याचा निष्कर्ष त्यावरून कोणी काढणार नाही.

येथे माझी आणखी एक चूक सांगतो. एक भाविक बाई मला दिवसातून चार-पाच वेळा फोन करीत आणि एकाच गोष्टीबद्दल ‘फादर, हे पाप नाही ना?’ असे विचारीत. मी दर वेळी प्रेमाने ‘नाही’ म्हणे. दर वेळी त्यांना हायसे वाटे आणि तासाभरात फोन पुन्हा वाजे. माझा दिलासा म्हणजे विरारच्या त्या तरुणीने सोडून दिलेली लोकलच होती, हे मला फार उशिरा उमगले.

उपाय आहेत, आणि ते बऱ्यापैकी गुणकारी आहेत. विचार व वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत रुग्णाला भीतीच्या जागी पायरीपायरीने नेतात, तेथे थांबवतात आणि घंटा आपोआप शांत होते हे त्याला अनुभवू देतात. औषधांपैकी खिन्नतेवरील काही औषधे येथेही चालतात. पण त्यांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत ती सोडू नयेत. १९६० नंतर आलेली शामक औषधे तासाभरात बरे वाटवतात, परंतु त्यांची सवय लागते. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी ही बहुधा याच जातीची असते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बारा राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आहेत, असे त्यात आढळले. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

त्या गृहस्थांनी उपचार घेतले. आठवड्याच्या मधल्या दिवशी, चर्च रिकामे असताना शेवटच्या बाकावर पाच मिनिटे बसण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पत्नी पहिले काही दिवस सोबत बसत, नंतर बाहेर थांबू लागल्या. माझी बदली झाली तोवर ते रविवारी कडेच्या बाकावर, दारापासून तिसऱ्या रांगेत बसू लागले होते. पास्काच्या जागरणविधीला दिवे मालवले गेले तेव्हा मात्र ते उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यातून मेणबत्ती हाती धरून सगळा विधी त्यांनी ऐकला. मी काही बोललो नाही.